अध्यक्ष झालो, पण कोणी ऐकतच नाही

या वेळचा पत्रांचा ढीग बघून हसूच आलं. जुलै लागला की घरगुती भांडणांची पत्रं कमी होतात आणि क्लबच्या भांडणांची वाढतात, कारण समाजसेवेचे हे क्लब, रोटरी काय नि लायन्स काय, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं, अध्यक्षपदाची नवी कॉलर गळ्यात पडते आणि महिनाभरात माणूस मला पत्र लिहायला बसतो. तर या अंकातलं सदर सगळं क्लबवाल्यांचं. सासू-सुना, जावई, प्लॉटचे वाटे वगैरे मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न: ताई नमस्कार. यंदा मी आमच्या क्लबचा अध्यक्ष झालो. क्लब जुना, मेंबर पन्नासच्या आसपास. फेलोशिप मीटिंग असली, म्हणजे जेवण असलं, की हॉल पुरत नाही, बायका-मुलं धरून सगळे येतात. पण सरकारी शाळेत डोळे तपासणीचा कॅम्प ठेवला तर पाच-सहा जण, त्यातले दोघं फोटो होईपर्यंतच थांबतात. ग्रुपवर रोज मेसेज टाकतो, 'उपस्थिती अनिवार्य' असंही लिहून पाहिलं, काही फरक नाही. मी स्वतः प्रत्येक कॅम्पला उद्घाटनाच्या वेळेवर हजर असतो, म्हणजे माझ्याकडून कसूर नाही. न येणाऱ्यांना दंड लावावा का?
– एक अध्यक्ष, वैशाली नगर

उत्तर: दादा, लावा दंड, लोक हसत हसत भरतील. आपल्या इंदूरच्या माणसाला पाचशेची नोट काढून देणं सोपं, रविवारी सकाळी पोहे-जलेबी सोडून घराबाहेर पडणं अवघड. दंड भरला म्हणजे सुटलो असं वाटून पुढच्या वेळी तर अजिबातच येणार नाहीत.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला, 'उद्घाटनाच्या वेळेवर'. उद्घाटन अकराला असतं ना? मग साडेआठला चौकीदाराला शोधून फाटक कोण उघडून घेतं, बाकं कोण सरकवतं, पोरांच्या रांगा कोण लावतं? ते पाच-सहा जण. आणि तुम्ही अकराला येता, हार घेता, पाहुण्यांना पोचवायला परत निघता. मेंबर आंधळे नाहीत हो. अध्यक्ष ज्या वेळेला येतो ती कॅम्पची खरी वेळ असं ते समजून चालतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

जे लोक फक्त बॅनरसमोर उभे राहतात त्यांच्यासाठी जरा सांगते, डोळे तपासणीचा कॅम्प म्हणजे असतं काय. आधी उजेड बघून भिंतीवर तक्ता लावायचा, तिथून टेपने सहा मीटर मोजून फरशीवर खडूने रेघ मारायची, पोराला रेघेवर उभं करायचं आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. हे डोळा झाकणं क्षुल्लक वाटतं पण सगळा कॅम्प त्याच्यावर असतो बरं का, कारण पोरं बोटांच्या फटीतून बघतात, नाहीतर तळहाताने डोळा इतका दाबून धरतात की हात काढल्यावर थोडा वेळ त्यांना धूसरच दिसतं, मग नंबर नसलेल्याला नंबर निघतो आणि असलेला सुटून जातो. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन एक माणूस शेजारी बसावा लागतो. आपल्याच शहरात मी एक माजी डिस्ट्रिक्ट गव्हर्नर (म्हणजे पीडीजी, अनेक क्लबांचे वरचे प्रमुख राहिलेले) बघितलेत, चांगले सत्तरीचे, ते प्रत्येक कॅम्पला तो पुठ्ठा धरून बसतात, शेवटचं पोर होईपर्यंत. दोन शब्द बोला म्हटलं तर म्हणतात नको, पोरं खोळंबतील. त्यांच्या क्लबात हजेरीची तक्रार मी कधी ऐकली नाही, कारण पीडीजी खाली बाकावर बसलेला असताना बाकीच्यांना भिंतीला टेकून गप्पा मारायची लाज वाटते. कोणी कोणाला काही बोलत नाही, आपोआप कोणी रजिस्टर धरतं, कोणी पोरांना ओळीत आणतं.

गाडगेबाबांचं नाव आपण सगळे स्टेजवरून घेतो. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, गाव झाडून काढायचे, आणि कीर्तन रात्री. आपल्याकडे कीर्तन सकाळी, झाडू फोटोपुरता. त्यात इंदूरमध्ये झाडू मोहीम म्हणजे निव्वळ विनोद. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, पालिकेच्या सफाईवाल्यांनी रात्री झाडून ठेवलेला रस्ता क्लबवाले सकाळी आठला येऊन पुन्हा झाडतात, आणि फोटोत काही दिसेना म्हणून झाडाखालची पानं आणून पसरतात. पसरतात हो, मी पाहिलंय.

पोलिओचं घ्या, कारण प्रत्येक रोटेरियन त्याचं नाव छाती फुगवून घेतो आणि घ्यावंच. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ हटवायची मोहीम सुरू केली, २००९ मध्ये आपल्या देशात ७४१ केसेस होत्या, शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. मधल्या वर्षांत जे झालं ते काही हॉटेलच्या बँक्वेटमध्ये झालं नाही. बर्फाच्या डब्यातून कुपी काढायची, तिच्यावरचा आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका काळपट झालाय का बघायचं, झाला असेल तर कुपी बाद, नसेल तर दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, पुढचं पोर. आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर, सुटलेली पोरं शोधत. ओझं बहुतेक सगळं आरोग्य खात्याच्या माणसांनी आणि आशा-अंगणवाडीच्या बायकांनी वाहिलं, क्लबवाले सोबत होते, हेही जरा मोठ्यानं सांगत जा.

आता तुमचं. प्रोजेक्ट किती ठरवलेत वर्षाचे? साइटेशनचा, म्हणजे वरून मिळणाऱ्या शाबासकीचा फॉर्म भरायचा म्हणून चाळीस-पन्नास ठरवले असतील तर निम्म्याहून जास्त कापा. एक शाळा धरा आणि तिथेच परत परत जा. नंबर निघालेल्या पोराला चष्मा मिळाला का, आणि महिन्यानं तो नाकावर आहे का दप्तराच्या तळाशी, एवढं जरी बघायला गेलात तरी पुष्कळ आहे, कारण पोरी तर चिडवतात म्हणून चष्मा लावतच नाहीत आणि मग आपला सगळा कॅम्प पाण्यात. ग्रुपवरचे मेसेज बंद करा. एकेकाला फोन करा आणि 'या' असं नका म्हणू, 'साडेआठला तक्ता आणि टेप तुमच्याकडे' असं म्हणा. ज्याच्या घरी टेप आहे तो येतो, जाईल कुठे. तीन जण आले तरी वेळेवर सुरू करा. आणि रोटरीनं २०१६ मध्ये मीटिंगचे नियम सैल केलेत, महिन्यात दोन बैठका झाल्या तरी चालतं, तर त्या दोनातली एक शाळेतच घ्या, जेवण आपापल्या डब्यातून. हॉल भरतो ना जेवणाला? मग जेवणच तिकडे न्या.

प्रश्न: आमच्या क्लबचा दरवर्षी १ जुलैला ब्लड कॅम्प असतो. यंदा ३०० युनिटचं टार्गेट ठरवलं, दुसऱ्या क्लबनं मागच्या वर्षी आमच्यापेक्षा जास्त केले होते म्हणून. आता ब्लड बँकेचे डॉक्टर म्हणतात शंभराच्या वर घेणार नाही, वाया जाईल. मेंबर भडकलेत, दुसरी बँक बोलवा म्हणतायत. मी सचिव आहे, मधल्या मध्ये मी मरतोय.
– सचिव, तिलक नगर

उत्तर: त्या डॉक्टरांच्या पाया पडा, खरं बोलणारा माणूस भेटलाय तुम्हाला.

१ जुलैला डॉक्टर्स डे, त्याच दिवशी सीए लोकांचा दिवस, त्याच दिवशी क्लबांचं नवं वर्ष, म्हणजे अख्खं शहर एकाच सकाळी हात पुढे करून बसतं. आणि रक्त काही लोणच्याच्या बरणीसारखं वर्षभर टिकत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस, त्यात औषध कुठलं घातलंय त्याच्यावर, आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस. शिवाय ज्यानं १ जुलैला दिलं तो पुरुष ९० दिवस आणि बाई १२० दिवस परत देऊ शकत नाही, म्हणजे सगळ्या चांगल्या दात्यांना तुम्ही एका सकाळी वापरून टाकलंत आणि ऑगस्टअखेर थॅलेसेमियाचं पोर घेऊन आई-बाप बँकेच्या खिडकीशी उभे राहतात तेव्हा तिथे द्यायला कोणी नाही. त्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना जुलै-बिलै काही नसतो. आणि मे महिना आठवा, कॉलेजं बंद, ऊन मी म्हणतंय, लोक लग्नांना गेलेले, तेव्हा कोणाचा कॅम्प असतो सांगा बरं.

३०० चा आकडा मोडा. दर महिन्याला पंचवीस-पंचवीस, बँक मागेल त्या गटाचे, अशी यादी करा. वर्षाचे तितकेच होतात, फक्त एका बॅनरवर मावत नाहीत, तेच मेंबरांना टोचतंय, बाकी काही नाही. हेल्मेट आणि टिफिनचे डबे वाटून माणसं गोळा करायचं तर आधी बंद करा, डब्यासाठी आलेला माणूस कावीळ होऊन गेली होती हे लपवतो.

आणि यादीत पहिलं नाव अध्यक्षांचं, दुसरं तुमचं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, हे जमत असेल तर पळवाट नाही. अध्यक्षांचं वय उलटलं असेल तर मुलाला आणा, जावयाला आणा. दुसऱ्यांच्या पोरांचं रक्त मागायचं आणि आपला मुलगा 'परीक्षा आहे', हे इंदुरात सगळ्यांना कळतं भिया. अजून एक, कॅम्पात हिमोग्लोबिन कमी म्हणून ज्या बायका परत जातात त्यांना फ्रूटी देऊन वाटेला लावू नका, नाव लिहून घ्या, लोहाच्या गोळ्या मिळतील असं बघा, तीन-चार महिन्यांनी परत तपासा. मला विचाराल तर तुमच्या कॅम्पातलं सगळ्यात कामाचं रजिस्टर तेच.

प्रश्न: माझे मिस्टर रोटरी क्लबात आहेत आणि मी 'ॲन', म्हणजे मेंबरची बायको. वीस वर्षं प्रत्येक प्रोजेक्टला आम्ही बायका पोहे, चहा, पाहुण्यांचे गजरे एवढंच बघतो. आम्हाला पण काम करायचंय. मिस्टर म्हणतात तुम्ही सोबत असता हेच मोठं योगदान.
– सुदामा नगर

उत्तर: मिस्टरांना सांगा, पुढच्या वेळी पोह्यांचं योगदान तुम्ही द्या.

भांडू नका. फक्त एका कॅम्पला पोहे करू नका, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसा, पेन हातात घ्या आणि उठू नका. नाश्ता कुठाय विचारलं तर बाहेर गाडी उभी आहे म्हणावं, जीरावन मसाला घालून पोहे मस्त मिळतात.

१९२४ मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग नावाच्या नर्सबाईंनी रोटेरियनच्या बायका जमवून इनर व्हील काढलं, तेही नवऱ्यांच्या मागे उभं राहून कंटाळल्यावरच काढलं असणार, हा आपला माझा अंदाज. रोटरीनं स्वतः बायकांना मेंबर करून घ्यायला १९८९ उजाडावं लागलं, आणि जगभरच्या रोटरीची पहिली बाई अध्यक्ष २०२२ मध्ये झाली, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. म्हणजे दार उघडून पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तुम्हाला 'ॲन' राहायची सक्ती कोणी केलेली नाही. मेंबरशिपचा फॉर्म आणा, भरा, आणि सही करायला मिस्टरांकडेच द्या. बघू काय योगदान देतात.

प्रश्न: आम्ही बगिच्यात चार बाकं दिली. त्यावर क्लबचं नाव, अध्यक्षाचं नाव, त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव आणि फोन नंबर टाकायचा की नाही यावर वाद चाललाय.
– राजेंद्र नगर

उत्तर: फोन नंबर? बाकावर? बसणाऱ्यानं फोन करून काय सांगायचं, बसलो म्हणून?

वडिलांचं नाव टाका, बारीक अक्षरात, बाकी खोडा. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ उभं केलं, गयेला, सोमनाथाला, कुठे कुठे घाट-विहिरी-धर्मशाळा बांधल्या, आणि खर्च खासगीतून, दौलतीच्या खजिन्याला हात न लावता. आपण चार बाकं क्लबच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैशातून देतो आणि नाव एकाचं. वर्षभरानं फळी तुटली की ती बदलायला त्या नावाचा माणूस येणार असेल तर मात्र नाव मोठ्ठं टाका, माझी हरकत नाही.

प्रश्न: ताई, मी रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबात आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या जुलैत आमच्या पेरेंट क्लबनं पाचशे रोपं लावली. म्हणजे खड्डे आम्ही खणले, रोपं आम्ही उतरवली, सीनियर लोक एसी गाडीतून आले, एका रोपाला दहा जणांनी हात लावला, फोटो काढला, गेले. मी मे महिन्यात तिकडे गेले तर थोडीच रोपं जिवंत होती. यंदा पुन्हा तेच, आणि मला को-ऑर्डिनेटर केलंय. सोडून द्यावं असं वाटतंय.
– लोकमान्य नगर

उत्तर: बेटा, मे महिन्यात तू स्वतःहून बघायला गेलीस ना? मग तू कशाला सोडतेस, सोडणारे सोडतील.

रोपं लावणं आपल्याकडे आता रेकॉर्डचा खेळ झालाय. १४ जुलै २०२४ ला आपल्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीजमध्ये नाव आलं. मी त्याला नावं ठेवत नाही, तिथे पाण्याची आणि राखणीची सोय सरकारला करता येते, माणसं नेमता येतात. क्लबाकडे काय आहे? एक टँकरवाल्याचा नंबर आणि दिवाळीनंतर सगळ्यांना होणारी विस्मृती.

माळव्याची काळी माती तू बघितलीच असशील, पावसात इतकी चिकट की चप्पल रुतून बसते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. त्या भेगांतून रोपाच्या मुळाशी वारा लागतो, ओल उडते, आणि आदल्या दिवशी घातलेलं पाणी थेट खाली निघून जातं. म्हणून रोपाची खरी परीक्षा दसरा झाल्यावर सुरू होते. पाऊस थांबला की आळं करायचं, वरून वाळलेल्या पानांचा, गवताचा थर द्यायचा म्हणजे भेगा पडत नाहीत, आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी. दोन उन्हाळे काढले की कडुनिंब, करंज, जांभूळ आपलं आपण उभं राहतं. रोप निवडताना नर्सरीवाला स्वस्तात देतो म्हणून वीतभर उंचीची नका घेऊ, छातीपर्यंतची घ्या, गाई-बकऱ्यांच्या तोंडातून वाचतात. आणि ट्री गार्ड लावल्यावर वर्षा-दोन वर्षांनी काढायचं पण असतं, नाहीतर खोड जाळीत घुसतं, गावभर अशी फास बसलेली झाडं दिसतील तुला, क्लबच्या नावाच्या पाटीसकट.

यंदा को-ऑर्डिनेटर तू आहेस तर पाचशेला सरळ नाही म्हण, पन्नास म्हण. सीनियर म्हणतील पन्नासनं काय होतंय, तर मागच्या पाचशेतली जगलेली किती ते त्यांना तिथे नेऊन मोजायला लाव, गाडीतून खाली उतरून. प्रत्येक रोपाला एक सीनियर वाटून दे, त्याच्या घराजवळचं, आणि फोटो जुलैत काढायचाच नाही, पुढच्या जूनमध्ये काढायचा, रोपासोबत. ज्याचं रोप मेलं त्याचा फोटो नाही. क्लबचं बुलेटिन कोण काढतं, तुम्ही पोरंच काढता ना? मग तुझ्या हातात आहे सगळं. पण तुझं स्वतःचं रोप पहिल्या नंबरला असू दे, आणि ते जगव. मेलं तर तुझं कोणी ऐकणार नाही, सीनियर तर टपूनच बसलेत.

प्रश्न: मी क्लबचा ट्रेझरर. आधीच्या वर्षाचे हिशेब घेतले तर शाळेच्या टॉयलेटसाठी जमा झालेल्या पैशातले बरेच इन्स्टॉलेशनच्या, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांच्या पदग्रहणाच्या कार्यक्रमात खर्च झालेले दिसतात. पैसे कोणी घरी नेले नाहीत, पण हेड बदललाय. माजी अध्यक्ष म्हणतात, आपण सगळे मित्र आहोत, जाऊ दे.
– नाव नको

उत्तर: नाव नकोच, बरोबर आहे.

मित्र आहात म्हणूनच जाऊ देऊ नका. देणगीदारानं टॉयलेटला दिलेला पैसा टॉयलेटचाच, तो पनीर टिक्क्यात गेला तर कोणी घरी नेला नाही याचं कौतुक कसलं? बोर्डाच्या मीटिंगमध्ये हिशेब ठेवा, नावं न घेता, 'या हेडमधून एवढी रक्कम परत भरायची आहे' असा ठराव करा, आणि पहिला चेक नव्या बोर्डातल्या कोणीतरी फाडा. नव्यांची चूक नाही हे मान्य, पण जुन्याला कोपऱ्यात गाठलंत तर तो भांडेल, वकील आणेल, क्लब फुटेल, पोरींची शाळा मात्र टॉयलेटशिवाय राहील. नव्यांनी भरायला सुरुवात केली की जुना भरतो. बहुतेक वेळा भरतो. नाही भरला तर पुढच्या वर्षी त्याला स्टेजवर बोलावू नका, तेवढी शिक्षा क्लबात पुष्कळ होते.

तुमच्या क्लबात मीटिंगच्या आधी फोर वे टेस्ट म्हणतात ना, खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का वगैरे चार प्रश्न? ती टेस्ट १९३२ मध्ये शिकागोच्या हर्बर्ट टेलरनी लिहिली, तेव्हा तो बुडत चाललेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सांभाळत होता. आणि लिहिल्यावर दुसऱ्यांना पाठ करायला न देता त्यानं ती आधी स्वतःच्याच कंपनीच्या जाहिरातींना लावली, 'सर्वोत्तम', 'सगळ्यात भारी' असले शब्द काढून टाकायला लावले. तुमच्याकडे उभं राहून म्हणतात आणि मग बसून टॉयलेटचे पैसे जेवतात.

पुढच्या वर्षापासून प्रोजेक्टचं खातं वेगळं, दोघांच्या सह्या, आणि इन्स्टॉलेशनचं जेवण ज्याचं त्यानं. जेवताना प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेटा पण नकोत, आपण ज्या शहरात घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा देतो तिथे समाजसेवावाल्यांच्या पार्टीमागे पोतंभर कचरा निघतो हे बघवत नाही. स्टीलची ताटं भाड्याने मिळतात.

प्रश्न: मी लायन्समध्ये बरीच वर्षं आहे, सध्या झोनचं, म्हणजे काही क्लबांच्या गटाचं पद आहे. नेत्रदानाचे शेकडो फॉर्म भरून घेतलेत. पण माझी आई ८४ वर्षांची, ती म्हणते मी डोळे देणार नाही, पुढच्या जन्मी आंधळी जन्मेन. मी माझा फॉर्म भरलाय, पण बायको पण आतून तयार नाही असं वाटतं. दुसऱ्यांना सांगताना आता जीभ अडते.
– रामबाग

उत्तर: जीभ अडते हे चांगलं आहे, ज्यांची अडत नाही त्यांचीच मला भीती वाटते.

३० जून १९२५ ला हेलन केलरनं लायन्सच्या अधिवेशनात येऊन सांगितलं की अंधांसाठी लढणारे योद्धे व्हा, तेव्हापासून डोळ्यांचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. शंभर वर्षं झाली त्याला. फॉर्म भरून घेण्यात तुम्ही लोक पटाईत झालात, पण फॉर्मनं डोळे मिळत नाहीत. माणूस गेल्यावर प्रत्यक्षात घरच्यांनी फोन करावा लागतो, घरच्यांनी हो म्हणावं लागतं, आणि सगळं ६ तासांच्या आत. त्या सहा तासांत घरात काय चाललेलं असतं ते आठवा, रडारड, नातेवाइकांचे फोन, बर्फ, सामान, मुक्तिधामची वेळ. फॉर्म कपाटात, कपाटाची किल्ली गेलेल्या माणसाच्या उशीखाली. म्हणून तुमचा फॉर्म तुमच्या बायकोशी बोलल्याशिवाय कागदच आहे. शेकडो फॉर्म भरलेत म्हणता, त्यातल्या किती घरांत बायका-मुलांना माहीत आहे?

आईच्या मागे लागू नका. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिच्या डोळ्यांसमोर पुढचा जन्म आहे, तुमच्या डोळ्यांसमोर झोनचा आकडा आहे, तिचं बरोबर आहे. एकदाच सांगा की पूर्ण डोळा सहसा काढत नाहीत, वरचा पारदर्शक पडदा घेतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा होता तसाच राहतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, डायबेटिस असला तरी चालतं, आणि दोन माणसांना दिसायला लागतं. मग विषय सोडा. ज्याला असा पडदा, म्हणजे कॉर्निया, बसलाय असा एखादा माणूस घरी चहाला आला आणि आईशी चार गोष्टी बोलला तर फार बरं, तुमच्या क्लबच्या ओळखीत नक्की सापडेल. तरी नाही म्हणाली तर नाही. आणि हे लोकांना सांगा पण, की माझी आई नाही म्हणाली. तुम्हाला वाटतं त्यानं तुमचं वजन कमी होईल, उलट लोक मग आपल्या आईचं काय म्हणणं आहे ते तुम्हाला खरं सांगतील, आत्ता तुमच्या बिल्ल्याकडे बघून नुसती सही करून मोकळे होतात.

बायकोशी मात्र या आठवड्यातच बोला, ती 'आतून' तयार नाही म्हणजे काय ते विचारा, बहुतेक तिला त्या वेळी सगळं एकटीनं निभावायची भीती असेल. तर मुलांना बसवा, शेजारच्या एखाद्याला बसवा, कोणी काय करायचं ते ठरवा. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घेऊन डोकं थोडं उंच, डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला तयार. नेत्रपेढीवाले घरी येतात, पैसे लागत नाहीत, येताना तपासणीसाठी थोडं रक्तही घेतात, त्याला घाबरू नका. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी-सी, सेप्टिक (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) यात ते डोळे घेत नाहीत, तर तेही खरं सांगायचं. नंबर फ्रिजवर लावा आणि सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, फक्त तुमच्या नको, कारण त्या वेळी तुमचा फोन कोणाला उघडता येणार नाही.